कात्री लावण्याआधी

लुगडं एकदम फाटत नाही. आधी बैठकीचा भाग विरतो, मग पावलांशी घासणारा काठ झिजतो. पदर, वरचा काठ आणि निऱ्यांच्या आत दडलेलं कापड त्यानंतरही कितीतरी दिवस धडधाकट असतं. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. त्यातलं दोन हात गेलं म्हणून बाकीचं टाकून देणं जुन्या बायकांना परवडणारं नव्हतं आणि पटणारंही नव्हतं. विरलेला भाग त्या आडवा कापून काढत, उरलेल्या तुकड्यांची टोकं जोडून शिवण घालत आणि लुगडं पुन्हा नेसायला घेत. याला दंड घालणं म्हणत. कधी दोन वेगवेगळ्या जुनेरांचे चांगले भाग जोडून एक लुगडं उभं राही. शिवण कुठे येईल याचा हिशोब आधीच झालेला असे. ती निऱ्यांत गेली पाहिजे, पाठीवर किंवा पदरावर दिसता कामा नये.

दंडाचं लुगडं ही गरिबीची खूण मानली गेली. त्यामुळे ते नेसणारी बाई शिवण लपवायची आणि बघणारा बघून न बघितल्यासारखं करायचा. त्यातल्या अकलेबद्दल अभिमानाने बोलायचं राहूनच गेलं. आज जुन्या कपड्यांपासून नवं काही करण्याची हौस पुन्हा आली आहे. साडीचा घोळदार ड्रेस, जीन्सची पिशवी, टी-शर्टचं पायपुसणं, सगळ्याच्या चित्रफिती फोनवर हव्या तितक्या मिळतात. ही हौस मला मनापासून आवडते. पण यातल्या बऱ्याच कृती लेस, टिकल्या आणि गोंदापासून सुरू होतात, आणि वस्तू दोन धुण्यांत सुटते. दंड घालणारी बाई सुरुवात कापड उजेडासमोर धरण्यापासून करायची. झीज कुठे झाली आहे आणि ताकद कुठे उरली आहे, हे आधी बघायचं. कात्री त्यानंतर. जुन्या कपड्याचं काम टिकतं की नाही, हे या एका गोष्टीवर ठरतं, असं माझं मत आहे.

हीच युक्ती साता समुद्रापलीकडेही वापरली जात होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये 1 जून 1941 पासून कपड्यांवर रेशनिंग आलं. पहिल्या वर्षी मोठ्या माणसाला 66 कुपनं मिळत आणि कोट, बूट, मोजे सगळं त्यातच बसवावं लागे. 1943 मध्ये तिथल्या सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढली. मधोमध विरलेली चादर उभी फाडायची, तिच्या बाहेरच्या धड कडा आत घेऊन एकमेकींना जोडायच्या आणि विरलेला भाग दोन बाजूंना जाऊ द्यायचा, ही त्या काळात तिथल्या घराघरांत चाललेली पद्धत. चादरीच्या कडांवर कुणी झोपत नाही, त्यामुळे चादर आणखी काही वर्षं चाले. दंड आडवा, ही शिवण उभी, एवढाच फरक. तिथलं कपड्यांचं रेशनिंग मार्च 1949 पर्यंत टिकलं. आपल्याकडेही 1943 मध्ये सुती कापड आणि सुतावर नियंत्रणाचा हुकूम निघाला. कंट्रोलच्या कापडाच्या रांगा ज्यांनी पाहिल्या, त्या पिढीने चिंधीसुद्धा गाठोड्यात का जपली, हे त्यावरून समजतं.

त्या गाठोड्याचं पुढे काय व्हायचं, तर गोधडी.

गोधडी म्हणा, वाकळ म्हणा, प्रत्येक भागाची तऱ्हा थोडी वेगळी, पण कामाचा गाभा तोच. वर आणि खाली त्यातल्या त्यात धड लुगडी. मध्ये विरलेली धोतरं, फाटकी पातळं, सदऱ्यांच्या पाठी. बहुतेक गोधड्यांत कापूस नसतोच, कापडांच्या थरांचीच ऊब असते. जमीन सारवून किंवा पुसून कोरडी करायची, त्यावर खालचं कापड ताणून पसरायचं, कोपऱ्यांवर वजनं ठेवायची. मधले थर हाताने सारखे करत घालायचे. कुठे दुहेरी झालं तर तिथे गाठोडं बनतं आणि झोपणाऱ्याच्या बरगडीला टोचतं. मग सगळीकडून लांब कच्चे टाके. त्यानंतर कडेपासून धावदोरा सुरू करून चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत यायचं. दोन ओळींत बोट-दोन बोटांचं अंतर. ओळी जितक्या जवळ, तितकी गोधडी टणक आणि टिकाऊ, आणि तितकेच शिवणारीचे दिवस जास्त. थर कुठेही सरकू नयेत म्हणून या हजारो टाक्यांची गरज असते. नक्षी त्यातून आपोआप उमटते.

उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात राहणारे सिद्दी लोक आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. त्यांच्यातले पुष्कळजण कोकणी बोलतात. त्यांच्या बायका शिवतात ती कवंदी आपल्या गोधडीची सख्खी बहीण. खालच्या कापडावर रंगीत तुकडे कडेने दुमडून ठेवत, कोपऱ्यातून सुरुवात करून त्या मध्याकडे येतात. चारी कोपऱ्यांवर शेवटी घडी घातलेले लहान तुकडे बसवतात. त्यांना फुलं म्हणतात. फुलं नसली तर कवंदी उघडीनागडी राहिली, असं त्या मानतात. या कवंद्या आज प्रदर्शनांत मांडल्या जातात आणि अमेरिकी अभ्यासक हेन्री ड्रूअल यांनी त्यांच्यावर सविस्तर काम केलं आहे. आपल्या घरातल्या माळ्यावरची गोधडी मात्र अजून बहुतेकांच्या लेखी जुनं अंथरूणच आहे.

गोधडी मागे का पडली, याचं नेहमीचं उत्तर असं की ब्लँकेटं स्वस्त झाली. ते खरं आहे. ती स्वस्त ब्लँकेटं कशाची, हेही सांगायला हवं. हरियाणातल्या पानिपतला परदेशातले टाकलेले लोकरी कपडे गाठोड्यांनी येतात. परत विकता येऊ नयेत म्हणून त्यांना आधीच चिरा पाडलेल्या असतात. तिथे बायका बटणं आणि चेन काढतात, कपडे रंगाप्रमाणे वेगळे करतात, म्हणजे पुन्हा रंगवावं लागत नाही. मग यंत्रात त्यांचे तंतू मोकळे करून सूत काततात आणि त्याची ब्लँकेटं होतात. चिंध्यांपासून सूत काढण्याची ही विद्या यॉर्कशायरमधल्या बॅटली गावी 1813 मध्ये बेंजामिन लॉ याने सुरू केली. म्हणजे घरच्या जुनेराची गोधडी गेली आणि तिच्या जागी दुसऱ्या देशातल्या जुनेराचं ब्लँकेट आलं.

पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. घरात सुती जुनेरच उरलं नाही. साठ-सत्तरच्या दशकांत टेरिलीन, टेरिकॉट आलं. इस्त्री नको, लवकर वाळतं, वर्षानुवर्षं फाटत नाही, म्हणून घरोघरी कौतुक झालं, आणि रोज धुणं-वाळवणं करणाऱ्या बाईच्या दृष्टीने ते रास्तच होतं. त्यानंतर 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यातून गिरण्या सावरल्या नाहीत आणि मुंबईच्या मलमलीची, व्हॉइलची सवय हळूहळू सुटली. आज कपाटातल्या रोजच्या साड्या, ओढण्या, लेगिंग्ज बघा. बहुतेकांत पॉलिस्टर आहे. पॉलिस्टरचे थर एकमेकांवरून घसरतात, टाका ओढला की चुण्या पडतात आणि शिवून झालेली गोधडी घाम टिपत नाही. तान्ह्या बाळाखाली ती घालवत नाही.

म्हणून कपाट उपसताना पहिलं काम, सुती काय आणि कृत्रिम काय हे वेगळं करणं. चिठ्ठी गळून गेली असेल तर शिवणीच्या आतून चार धागे काढा, चिमट्यात धरा आणि पाण्याच्या भांड्यावर पेटवा. सूत कागदासारखं जळतं, वासही कागदाचा येतो आणि मऊ राख उरते. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो. मिश्र धाग्यात दोन्ही दिसतं, जळतंही आणि मणीही होतो. या एका मिनिटाच्या परीक्षेने पुढची किती निराशा वाचते! डाळिंबाच्या सालीचा आणि तुरटीचा पिवळा रंग पॉलिस्टरवर चढत नाही. घरोघरी मिळणाऱ्या सुती रंगाच्या पुड्याही त्यावर वाया जातात.

सुती निघालं, तर त्याला काम कमी पडत नाही. बाळाची दुपटी, झबली, उशांचे अभ्रे, परकराचं अस्तर, भाजीच्या पिशव्या, आणि अगदीच विरलेलं असेल तर फरशी पुसायला फडकं. मासिक पाळीच्या कापडी घड्या हाही त्याचा एक मोठा उपयोग आहे. अंशु गुप्ता यांनी 1999 मध्ये सुरू केलेल्या ‘गूंज’ने जुन्या सुती कापडाच्या अशा घड्या तयार करून गावोगाव पोचवल्या. या विषयावर बोलायलाच न धजणाऱ्या घरांत त्यामुळे बोलणं सुरू झालं. गुप्ता यांना 2015 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता अंगावर घालायच्या कपड्यांकडे येऊ. इथे घरच्या हौसेपेक्षा रस्त्याच्या कडेला मशीन मांडून ‘आल्टर’ करून देणाऱ्या कारागिराकडून शिकण्यासारखं जास्त आहे. ठाणे, पुणे, नाशिक, कोणत्याही शहरात बाजारपेठेच्या तोंडाशी तो असतो. पायमशीन, रिळांचा डबा, डोक्यावर छत्री. त्याच्या कामातला निम्मा वेळ उसवण्यात जातो. कापड न दुखवता टीप उसवता येणं ही या सगळ्या कामाची पहिली इयत्ता आहे. प्रत्येक टाका उपटायचा नाही. एका बाजूचा चौथा-पाचवा टाका तोडत जायचं आणि उलट्या बाजूचा दोरा ओढायचा, तो सरळ निघून येतो.

पूर्वीचे शिंपी शिवणीत भरपूर माया सोडत. पँटच्या मागच्या शिवणीत, ब्लाऊजच्या बगलेत इंच-दीड इंच कापड आत दडलेलं असे, आणि माणूस सुटला की शिवण बाहेर सरकवता येई. मुलींच्या परकराला खाली दोन-तीन टक घालून ठेवत आणि मुलगी उंच झाली की एकेक टक उसवत. तयार कपड्यांत ही माया राहिली नाही, ओव्हरलॉक मारून जेमतेम अर्धा इंच उरलेला असतो. अशा वेळी कुर्ता घट्ट झाला तर बगलेपासून खालपर्यंत दोन्ही बाजूंना कळी घालायची. कळीचं कापड जुन्या ओढणीतून काढा किंवा कुर्त्याची लांबी थोडी कमी करून त्यातूनच काढा. मात्र कापडाचा उभा धागा उभाच ठेवा, आडवा लावलात तर पहिल्याच धुण्यात ती बाजू वेगळी लोंबते. उसवलेल्या टकाच्या जागी न विटलेली गडद रेघ दिसते. ती धुऊन जात नाही. लेस किंवा रंगीत गोट लावायची खरी जागा तिथे आहे. सजावट अशी कारणाने आली की शोभते.

शर्टाची कॉलर दुमडीच्या रेषेवर फाटते आणि बाकी शर्ट कोरा राहतो. जुने शिंपी कॉलर तिच्या पट्टीतून उसवून उलटी करून पुन्हा बसवत. फाटकी बाजू खाली दबे आणि शर्ट आणखी दोन वर्षं ऑफिसला जाई. अर्ध्या तासाचं हे काम आहे. आज ते मुद्दाम सांगून करून घ्यावं लागतं, कारण कुणी मागतच नाही.

जीन्स मांड्यांच्या आत आणि गुडघ्यावर जाते. पोटऱ्यांचं कापड आणि मागचे खिसे जवळजवळ अमर असतात. तेव्हा पिशवी शिवायची तर पायांच्या खालच्या नळ्या घ्या, खिसे उसवून वरून लावा. मशीनला 16 नंबरची सुई हवी, नेहमीची 14 नंबरची जाड शिवणीवर मोडते. चार थर एकत्र येतात तिथे मशीन पायाने न चालवता हाताने चाक फिरवून एकेक टाका घ्या. पातळ रेशमाला 11 नंबरची सुई, नाहीतर प्रत्येक टाक्याला भोक पडतं.

टी-शर्टचं कापड विणलेलं असतं, कापलं तरी त्याचे धागे निघत नाहीत. त्यामुळे मशीन नसलेल्या घरातही त्याचं काम होतं. बाह्या आणि गळा कापला, खालची कड कातरून तिच्या पट्ट्यांच्या गाठी मारल्या की पिशवी तयार. दोन सेंटिमीटरच्या पट्ट्या कापून ओढल्या तर त्या आपसूक गुंडाळी होऊन दोरीसारख्या बनतात आणि जाड क्रोशाच्या सुईने त्यांची आसनं विणता येतात. मोडक्या छत्रीचं कापडही फेकू नका. त्याच्या त्रिकोणी कळ्या उसवून जोडल्या तर पावसाळ्यात भाजीला नेण्याजोगी हलकी पिशवी होते.

स्वेटरचं गणित वेगळं. हाताने विणलेला असेल तर पूर्ण उसवता येतो. लोकरीची लडी करा, कोमट पाण्यात बुचकळा, खाली हलकं वजन बांधून वाळत टाका. वेटोळी सुटून लोकर पुन्हा सरळ होते. पण बाजारी स्वेटर कापून शिवलेला असेल, तर हाती तुकडेच येतात. बाजूच्या शिवणीवर ओव्हरलॉक दिसला की उसवण्याच्या फंदात पडू नका.

माळा, पोत, मण्यांचे दागिने यांचंही असंच. मणी क्वचित खराब होतात, दोरा कुजतो. पटवेकरी आजही जुन्या पेठांतून भेटतात. ते मोती-पोवळ्यांच्या मण्यांमध्ये गाठी घालून ओवतात, म्हणजे दोरा तुटला तरी सगळे मणी घरंगळत नाहीत. दोन तुटक्या माळांमधून एक धड माळ करणं हे त्यांचं रोजचं काम आहे.

रेशमाबद्दल मात्र मला थांबून बोलायचं आहे. आजीच्या पैठणीचं जॅकेट, क्लच, तोरण, गाद्यांचे अभ्रे करण्याची लाट आली आहे. पैठणी घड्यांवर चिरली असेल, तर पदर आणि काठ वाचवून त्यांचं काही करणं योग्यच आहे. रेशीम वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलं की त्या रेषेवर तुटतं. म्हणून तर घड्या मोडून पुन्हा घालायला सांगतात. पण धडधाकट नेसती साडी फॅशनसाठी कापणं मला मान्य नाही. नेसण्याजोगी साडी हे पूर्ण झालेलं वस्त्र आहे, कच्चा माल नव्हे. कापायचीच वेळ आली तर मागे मऊ सुती अस्तर टाका आणि दोरा कापडापेक्षा नाजूक वापरा. जुन्या रेशमावर पक्का पॉलिस्टरचा दोरा घातला की ताण पडताच तो दोरा कापडालाच कापत जातो. शिवण तुटली तर पुन्हा घालता येते, कापड तुटलं तर काही करता येत नाही. चांगला रफूगार त्याच कपड्याच्या आतल्या मायेतून धागे काढून त्यांनीच रफू करतो. उत्तर प्रदेशातल्या नजीबाबादचे रफूगार काश्मिरी शालींवर असं काम करतात की भोक कुठे होतं ते शोधावं लागतं. आणि दारावर जुनी जरी मागणाऱ्याला साडी देताना एवढं लक्षात ठेवा, की खऱ्या जरीत चांदी असते आणि ती साडी जाळूनच काढली जाते.

जे आपल्याला वापरता येत नाही ते बोहारणीकडे जातं. कपड्यांवर भांडी देणाऱ्या या बायकांमध्ये वाघरी समाजातल्या पुष्कळजणी. एका पातेल्यासाठी साडी, पँट, वर आणखी एक शर्ट अशी घासाघीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. त्या घासाघिशीत बोहारीण प्रत्येक कपडा उलटापालटा करून, बगल आणि बैठक तपासून घेते. झीज वाचण्याची जुनी विद्या आज कुणाच्या हातात सगळ्यात शाबूत असेल, तर तिच्या. दिल्लीत रघुबीर नगरला त्यांचा पहाटेचा मोठा बाजार भरतो. ब्रिटिश अभ्यासक लूसी नॉरिस यांनी 2010 च्या आपल्या पुस्तकात या साखळीचा माग काढला आहे. दारातली साडी तिथून पुढे कधी दुसऱ्या कुणाच्या अंगावर जाते, तर कधी परदेशी पर्यटकांसाठी घागरा होऊन विकली जाते. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या बाजारांत टांगलेले ते रंगीबेरंगी घागरे पुष्कळदा अशा साड्यांचेच असतात. भारतात वर्षाला सुमारे 78 लाख टन कापडाचा कचरा साठतो, असा अंदाज 2022 मधल्या एका उद्योग-अहवालात दिला आहे. त्यातला मोठा वाटा पुन्हा वापरात येतो, तो बोहारणी, भंगारवाले आणि चिंध्या निवडणाऱ्या बायकांच्या श्रमांवर.

श्रमांचा हा प्रश्न हौसेच्या कामातही आहे. बचतगटातल्या बायका ऑर्डरप्रमाणे गोधड्या शिवून देतात. कापड गिऱ्हाइकाचं असतं, म्हणून शिलाईचा आकडा ऐकून गिऱ्हाईक चमकतं, ‘साड्या तर आमच्याच आहेत ना?’ म्हणतं. पण गोधडीत कापडाची किंमत जवळजवळ नसतेच, असते ती टाक्यांची. एका मोठ्या गोधडीला एका बाईचे कित्येक दिवस लागतात, खाली बसून पाठ वाकते, नजर ताणते. दुकानातल्या ब्लँकेटशी तिची किंमत ताडून बघणं हा त्या बाईवर अन्याय आहे.

यंदा दिवाळीला कपाट आवराल तेव्हा सुती कपड्यांचं वेगळं गाठोडं बांधा. त्यातलं जे अंगाला बसत नाही, पण धड आहे, ते आधी आल्टरवाल्याकडे न्या. विरलेल्या साड्यांची गोधडी घरात कुणाला येत असेल तर तिच्या शेजारी बसून शिका, येत नसेल तर ज्या बाईला येते तिच्याकडून करून घ्या, आणि ती सांगेल ती शिलाई घासाघीस न करता द्या.